सोनाजीची खुराकी

सोनाजीनं भर दुपारी दुकानात दिवा लावला, ही बातमी गावभर व्हायला तंबाखू मळून होईपर्यंतचाही वेळ लागला नाही. संतरामाला ती रानात कळली. तो आणि त्याची बायको शकुबाई कापूस वेचत होते. बांधावरून त्याचा चुलता सटवाजी ओरडत आला.

"संतरामा, कापूस गेला रं आपला! सोन्यानं गादी उलटी टाकली. उंबऱ्यात दिवा लावून उभा हाय."

त्या मुलखात व्यापाऱ्याचं दिवाळं निघायचं ते असं. बसायची गादी उलटी करायची, दिवसाढवळ्या उंबऱ्यात तेलाचा दिवा लावायचा आणि बाजूला होऊन उभं राहायचं. ज्याचं येणं असेल त्यानं यावं, सापडेल ते वाटून घ्यावं, शिव्या द्याव्यात, वाटलं तर थुंकावं. पण दिवा लावलेल्या माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही. देणं फिटलं नाही तरी मिटलं, असं आज्या-पणज्यापासून चालत आलेलं होतं.

निजामाच्या राज्यातला फसली तेराशे चाळीसचा, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे तीसचा हिवाळा होता. कापसाचा भाव असा कोसळला होता, की हिंगोलीच्या सरकी काढायच्या जिनापुढं गाड्या चार-चार दिवस उभ्या राहत आणि बैलांना वैरण कुठून आणावी ही पंचाईत पडे. सोनाजीनं अर्ध्या गावाचा कापूस शब्दावर उचलला होता, तोही चढ्या भावानं. तो बुडाला तसं अर्धं गाव बुडालं.

संतरामाचं लक्ष चुलत्याकडं नव्हतंच. तो शकूच्या हाताकडं बघत होता. बोंडावर गेलेला तिचा हात जागच्या जागी थांबला होता. मग तिनं बोंड वेचलं, ओटीत टाकलं आणि पुढच्या झाडाकडं वळली. एवढंच झालं. पण संतरामानं ते पाहिलं आणि मनात गाठ मारून ठेवलं.

गोष्ट जुनी होती. बारा वर्षांमागं शकूची सुपारी सोनाजीशी फुटली होती. त्याच साली मानमोडीचा ताप आला, सोनाजीचे आईबाप एका आठवड्यात गेले. पोराच्या मागं कोणी उरलं नाही म्हणून शकूच्या बापानं बोलणं मोडलं आणि वीस एकरवाल्या संतरामाला पोरगी दिली. पुढं सोनाजीनं शालूबाई करून आणली, त्याला चार लेकरं झाली. संतरामाच्या घरी पाळणा हलला नव्हता. गाव सुपारीची गोष्ट केव्हाच विसरलं होतं. शकू विसरली की नाही ते कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण तिला कोणी विचारलंच नव्हतं.

संतराम मात्र विसरला नव्हता. तरी कापूस त्यानं सोनाजीलाच घातला. एक तर मणामागं रुपया जास्त मिळत होता. दुसरं म्हणजे सोनाजी तागडी घेऊन आपल्या अंगणात येतो, आपल्या कापसापुढं वाकतो, हे शकूनं बघावं अशी त्याची हौस होती. त्या हौसेपायी दोनशे चाळीस रुपये गेले.

दुसऱ्या दिवशी सोनाजीच्या घरात वाटप झालं. शालूबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती. परातीत भिजवलेलं पीठ होतं. ज्याच्या वाट्याला परात आली त्यानं पीठ काढून जात्यावर ठेवलं आणि परात नेली. सोनाजी खांबाला टेकून उभा होता. सटवाजीनं संतरामापुढं तागडी आणि दोन घागरी ठेवल्या.

"घे तुझा वाटा."

"मला वाटा नगं," संतराम म्हणाला. "मला मानूस पायजे."

"मानसाचं काय लोणचं घालतू?"

"हिंगोलीला अदालत हाय. कायदा हाय."

"त्यानं दिवा लावलाय, संतरामा. दिव्याच्या पुढं अदालत न्हाई."

"हाय का न्हाई ते बघू."

सोनाजी खांबापासून हलला नाही. "लाव दावा, संतरामदादा," तो म्हणाला. "तुझं बराबर हाय. मी बुडवलंय तुला."

चिडून बोलला असता तर संतरामाला बरं वाटलं असतं. तो असा सरळ बोलला म्हणून संतराम त्याच पावली वकिलाकडं गेला.

सोनाजीनं पहिल्याच पेशीला सगळं कबूल केलं. जप्त करायला घरात काही उरलंच नव्हतं, तेव्हा मुन्सफानं दिवाणी कैद सुनावली. संतराम कचेरीच्या पायऱ्या उतरत होता, तेवढ्यात कारकुनानं त्याला हाक मारली.

"ओ पाटील, किधर चले? खुराकी कोण भरणार?"

"कसली खुराकी?"

"कैदी तुम्हारा, तो रोटी भी तुम्हारी. महिन्याचा पैसा आगाऊ भरा, नाहीतर रोज दुपारच्या आत भाकरी आणून द्या. एक रोज चुकला तो छोड देंगे. ह्याच दाव्यात दुबारा पकडता येत नाही."

संतरामाला वाटलं, कारकून आपली चेष्टा करतोय. चोराला सरकार पोसतं आणि बुडव्याला बुडालेल्यानं पोसायचं, हा कुठला न्याय! पण न्याय तसाच होता. त्या साली रोकड कोणाच्याच घरात नव्हती. ज्वारी मात्र पेवात होती. भाकरीच द्यायची, असं त्यानं अंगठा उठवून कबूल केलं. विकतचं दुखणं म्हणतात ते असं.

घरी येऊन त्यानं शकूला सांगितलं, "उद्यापास्नं चार भाकरी जास्ती कर."

"कुनासाठी?"

"सोनाजीसाठी."

शकूनं हातातलं सूप खाली ठेवलं. "धरून दिलं तुमी, अन् थापायच्या मी?"

"तसा कायदाच हाय."

"कायद्याला हात न्हाईत व्हय?" असं म्हणून ती पुन्हा पाखडायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून संतरामाचं नवं काम सुरू झालं. दिवस उगवायला घरातून निघायचं, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या खांद्यावर टाकायच्या, कयाधू नदीच्या गुडघाभर पाण्यातून पलीकडं जायचं आणि दीड कोस तुडवून कचेरीच्या मागची कोठडी गाठायची. कोठडीवर रतनसिंग नावाचा जवान होता. तो फडकं सोडून बघायचा, एक तुकडा मोडून हुंगायचा आणि मग गजातून आत सरकवायचा. फडकं परत न्यायचं म्हणून संतराम बाहेर उकिडवा बसायचा. फडकं काय, उद्या नेलं असतं तरी चाललं असतं. पण त्याला सोनाजीला जेवताना बघायचं असे.

सोनाजी मांडी घालून बसे. भाकरी आधी कपाळाला लावी, मग मोडी. सावकाश जेवी. चारातल्या दोन दुपारी खाई, दोन रात्रीसाठी ठेवी. चेहऱ्यावर लाज नाही की राग नाही. आपण उन्हात आणि हा सावलीत, आपण उपाशी आणि हा जेवतोय, असं संतरामाच्या मनात येई.

घरी आल्यावर शकू फडकं झटकी आणि विचारी, "खाल्ल्या का समद्या?"

कोणतीही रांधणारी बाई विचारील असाच तो प्रश्न होता. पण संतरामाच्या कानाला तो तसा लागत नसे. आपण जेवून उठतो तेव्हा ही कधी विचारते का, हे तो आठवून बघे. आठवत काहीच नसे. मग तो भांडणाच्या सुरात तिला ऐकवी, सोनाजी भाकरी कशी कपाळाला लावतो, कशी मोडतो, रात्रीसाठी किती ठेवतो.

पाचव्या दिवशी कयाधूच्या वाळूत बसून त्यानं गाठोडं सोडलं. चार भाकऱ्या, लसणाचा ठेचा, कांदा आणि पळसाच्या पानात लोण्याचा गोळा. आपल्या न्याहारीची भाकरी त्यानं कमरेच्या गाठोड्यातून काढली आणि सोनाजीच्या भाकरीवर ठेवून पाहिली. सोनाजीची बोटभर मोठी होती. त्यानं उलटून-पालटून पाहिलं, बोटांनी मोजलं. नदीवर धुणं धुणारी एक बाई त्याच्याकडं बघून हसली, तसं त्यानं सगळं घाईनं बांधलं. लोणी मात्र त्यानं पाण्यात फेकलं.

रात्री जेवताना त्यानं विषय काढला. "लोनी काहून घातलं?"

"मानसाला कोरडी भाकर कशी धाडावी? आपल्या घरचं नाव जातं."

"अन् भाकरी मोठी काहून?"

शकू त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. "भाकरी मोजून राहिले का तुमी?"

"मी इचारलं त्याचं सांग."

"पह्यल्या भाकरी लहान हुतेत, मागच्या मोठ्या हुतेत. गोळा हातावर घेतला की हाताला कळतं का, ही कुनाची?" तिनं ताट उचललं. त्या रात्री ती जेवलीच नाही.

गावाला तर करमणूकच झाली. संतराम गाठोडं घेऊन निघाला की पारावरून कोणी तरी विचारी, "जावयाचा पाहुनचार बरा चाललाय ना, संतरामा?" दुसरा म्हणे, "आरं, धोंड्याच्या महिन्याला चांदीचं ताट पन दे त्याला." सटवाजीनं तर भरल्या पारावर बजावून सांगितलं, "दिवा लावलेल्या मानसाला यानं कोंडलं. त्या खुराकीच्या गाठोड्याला ह्या गावातलं कोनी हात लावनार न्हाई. ज्याचं त्यानं वाहावं."

आणि संतराम वाहत होता. ज्वारी कापणीला आली होती. अर्धा दिवस त्याचा वाटेवर जाई. शकू एकटी विळा घेऊन पात धरी. माथ्यावर ऊन येईस्तोवर तिच्या तळहाताला फोड येत आणि फुटत. संतरामाच्या टाचांना पाण्या-वाळूनं भेगा पडल्या, त्यांत तो मेण भरी. उभ्या कणसांवर पाखरं उतरत होती आणि हाकलायला कोणी नव्हतं. सटवाजी बांधावर येऊन उभा राही, मान हलवी आणि जाई. सोडून दे, असं सांगण्यात अर्थ नाही हे त्याला कळून चुकलं होतं.

मग संतरामानं ठरवलं, शकूच्या हातचं सोनाजीच्या तोंडात जायचंच नाही. दुसऱ्या दिवशी तो पहाटे उठून चुलीपुढं बसला. वीस एकराचा धनी, पीठ भिजवतोय आणि डोळ्यांत धूर जाऊन रडतोय! पहिली भाकरी तव्यावर जाण्याआधीच तुटली. दुसरी एका अंगानं करपली. शकू दारात उभी राहून बघत होती, पण पुढं झाली नाही.

तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी रतनसिंगानं भाकरी बाहेरच्या फरशीवर आपटली.

"ये रोटी है की गोवरी? आतून कच्ची आहे सगळी. कच्ची रोटी म्हणजे रोटी दिलीच नाही. मी साहेबाला लिहून देतो, कैदी सुटेल."

आतून सोनाजी म्हणाला, "जाऊ द्या जमादार. मी तक्रार केली का?" मग संतरामाकडं वळून हसला. "दादा, तुज्या बोटाला भाजलं का रं? वैनीलाच करू दे. त्यांच्या भाकरीला तोड न्हाई."

तो भाबडेपणानं बोलला होता. पण संतरामाला कानशिलात बसल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून भाकरी पुन्हा शकूच थापू लागली.

रतनसिंगाला सोनाजीची कीव येई. "अरे, नादारीचा अर्ज टाक," तो सांगे. "नवा कायदा आहे. सगळं सरकारपुढं मांडायचं, साहेब नादार लिहून देतो, मोकळा होशील."

"उंबऱ्यात दिवा लावला त्याच दिशी नादार झालो मी. समद्या गावानं पाह्यलं. आता पुन्यांदा कागदावर कशाला?"

"मग बस इथं."

"बसलोच हाय. पोटाची तकलीफ न्हाई."

तो पुन्हा भाकरी कपाळाला लावी. संतरामाला वाटे, गज वाकवून आत जावं आणि ती हिसकून घ्यावी.

माघाच्या शेवटी शालूबाई संतरामाच्या दारी आली. दिवसभर लोकांच्या रानात कापणी करून ती आली होती, डोक्याला कडब्याचा भुसा लागलेला होता. अंगणात उभी राहूनच बोलली.

"भाऊजी, एक मागनं हाय. ते भाकरी खातेत, ती मला करू द्या. पीठ तुमचं, हात माजे. हितंच बसून करते, घरी नेत न्हाई."

"काहून, वैनी? भेटते ना त्यांना टायमावर?"

शालूबाईनं पदर तोंडात धरला, मग सोडला. "बायका इचारतेत मला. तुजा नवरा संतरामाच्या बायकोच्या हातचं खाऊन सुधरला मनतेत. चार लेकरं झाली, पन लगीन पह्यलं कुठं ठरलं हुतं ते मला म्हाईत हाय, भाऊजी. रात्री डोळा लागत न्हाई."

संतरामाला वाटलं, एवढ्या मोठ्या गावात आपल्याला समजणारं एक माणूस निघालं. तो लगबगीनं उठला. "व्हय व्हय, उद्यापास्नं तूच कर. लई बरं झालं!"

"न्हाई." शकू आतून म्हणाली. ती चुलीपुढून उठली नव्हती. "माझ्या चुलीपाशी दुसऱ्या बाईचा हात चालायचा न्हाई."

शालूबाई त्या अंधाऱ्या दाराकडं बघत राहिली. मग संतरामाकडं वळून म्हणाली, "पाह्यलं का, भाऊजी?" आणि निघून गेली.

त्यानंतर संतरामाला झोप अशी लागलीच नाही. शकू शेजारी झोपलेली असे आणि तो तिचा श्वास ऐकत पडे. कूस बदलली तरी त्याला वाटे, आता ही कोणाचा विचार करत असेल. तिला विचारायचं त्याच्या जिभेवर येई आणि परत जाई. "व्हय" म्हणाली तर मरण, "न्हाई" म्हणाली तर खरं कशावरून? रोज सकाळी मात्र तो ते गाठोडं खांद्यावर घेऊन निघे.

फाल्गुन लागला आणि संतरामाला हिवताप आला. पहिल्या दिवशी तो तसाच कुडकुडत जाऊन आला. परत येताना कयाधूत दोनदा बसला. दुसऱ्या दिवशी उठायला गेला तो भुईवरच पडला. दोन घोंगड्या अंगावर घालूनही दात वाजत होते.

शकूनं रोजच्यासारख्या भाकऱ्या केल्या, फडक्यात बांधल्या आणि गाठोडं त्याच्या उशाशी आणून ठेवलं.

"काकाला..." संतराम म्हणाला.

"इचारून आले. हात लावत न्हाईत ते. कुनीच लावत न्हाई." ती बसली नाही. "मी जाऊ का?"

संतरामानं डोळे उघडले.

शकूनं कोरडं लुगडं नेसलं होतं. अर्थात, ओल्या लुगड्यानं कोण कचेरीत जातं? केस विंचरलेले होते. ते ती रोजच विंचरी. तापल्या डोळ्यांनी त्यानं सगळं न्याहाळलं. ही जाणार, तिथं गजापुढं उभी राहणार, तो भाकरी कपाळाला लावणार आणि ही ते बघणार. दोघं काय बोलतील ते ऐकायला आपण नाही. आणि नाही गेली, तर दुपारी रतनसिंग कुलूप काढणार, सोनाजी संध्याकाळी गावात, आणि पुन्हा धरता येत नाही. जाते म्हणाली तर त्याला भेटायला, नाही म्हणाली तर त्याला सोडवायला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"तुला काय वाटतं?" त्यानं विचारलं.

"मला काय वाटायचं त्यात? तुमी धरलाय, तुमी सांगा. दिवस कासराभर वर आला. आता निगाले तर दुपारच्या आत पोचंन."

ती उभीच राहिली. बाहेर कोणाची तरी गाडी गेली, बैलांच्या गळ्यातली घुंगरं लांबपर्यंत ऐकू आली.

"सांगा ना."

"जाऊ नगं."

"सुटंल तो."

"सुटू दे."

शकूनं गाठोडं उचललं, चुलीपाशी नेलं आणि सोडलं. एकेक भाकरी काढून दुरडीत ठेवली. दोनशे चाळीस रुपये गेले, अर्धी ज्वारी पाखरांनी नेली, टाचा फुटल्या, गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही. त्यातलं काही संतरामाच्या मनात आलं नाही. बायको गेली नाही, एवढ्यानंच त्याला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं तशी त्याची जीभ सैल झाली.

"वाईट वाटलं आसंल तुला. भेट हुकली."

शकूनं दुरडीवर झाकण ठेवलं. मग त्याच्याजवळ येऊन भुईवर बसली. इतक्या वर्षांत ती त्याच्या एवढी समोर कधी बसली नव्हती.

"सुपारी फुटली तवा मी अकरा वर्साची हुते," ती म्हणाली. "त्याचं तोंड सुदिक पाह्यलं न्हवतं. बारा वर्सं ह्या गावात हाय, पानी भरायला जाते, रानात जाते, पन त्याच्याकडं मान वर करून बघितलं न्हाई. मनात येत बी न्हवतं. तुमी आनलं त्याला घरात. किती खातो, कसा मोडतो, कपाळाला लावतो, रात्रीसाठी दोन ठेवतो, समदं तुमीच सांगितलं मला, भांडून भांडून. चाळीस दिस त्याच्या नावानं पीठ मळलं मी."

तिचा आवाज चढला नव्हता.

"आता इचारा, मनात हाय का मनून."

संतरामानं घोंगडी तोंडावर ओढली. त्यानं विचारलं नाही.

दिवस मावळायला सोनाजी गावात शिरला. कुत्री भुंकली, पोरं धावली, पारावरची माणसं उठून उभी राहिली आणि घराघरातून बाया दारात आल्या. शकूही हातातलं काम टाकून दारात जाऊन उभी राहिली. अंथरुणातून संतरामाला तिची पाठ तेवढी दिसत होती.